चुन्याचे भुकेले ॲसिड

रसायनशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत तुम्ही पाऊल टाकलेत तर प्रथम नजरेत भरते ती काच. फळीवर ओळीने बाटल्या मांडलेल्या असतात आणि त्यांत भली भली जहाल मंडळी मुकाट्याने बसलेली असतात. सल्फ्युरिक ॲसिड कापडाचा आणि कातडीचा कोळसा करते, नायट्रिक ॲसिड तांबे विरघळवते, हायड्रोक्लोरिक ॲसिडाच्या वाफेने जीव घुसमटतो. पण काचेपुढे या तिघांचेही काही चालत नाही. बाटलीला बूच घट्ट लावले की ती वर्षानुवर्षे शांत राहतात.

या कुटुंबात एकच असामी अशी आहे की जिला काचेच्या बाटलीत ठेवण्याची सोय नाही. कारण ती बाटलीच खाते. तिचे नाव हायड्रोफ्लुओरिक ॲसिड. दिसायला ते पाण्यासारखे स्वच्छ. ज्यांना त्याचा परिचय नाही, ते त्याला साधे पातळ ॲसिड समजतात, आणि येथेच घात होतो.

आता तुम्ही म्हणाल, "हा विषय कारखानदारांचा आणि प्रोफेसरांचा. आम्हाला काय त्याचे?" तर थोडे थांबा. हे ॲसिड तुमच्या माझ्या पुण्यात, अगदी शहराच्या हद्दीत, रोज वापरले जाते. आणि ते हाताळणारा माणूस पुष्कळदा रसायनशास्त्र न शिकलेला, महिन्याच्या पगारावर घर चालवणारा कामगार असतो. त्याच्यासाठी, त्याच्या मालकासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे चार शब्द आहेत.

सुरुवात धायरी-नऱ्हेच्या किंवा भोसरीच्या एखाद्या लहानशा शेडपासून करू. तेथे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, पाइप, हॉटेलांचे ओटे तयार होतात. डेअरीला लागणारी भांडी होतात, औषधाच्या कारखान्याला लागणारी भांडी होतात. दोन पत्रे वेल्डिंगने जोडले की जोडाच्या कडेला निळसर-काळपट डाग पडतो. तो नुसता दिसायलाच वाईट असतो असे नाही. तो तसाच राहू दिला तर पुढे तेथूनच गंज धरतो. म्हणून त्यावर एक पांढरट लगदा ब्रशाने फासतात, काही वेळ ठेवतात आणि पाण्याने धुऊन टाकतात. जोड चांदीसारखा उजळून निघतो. या लगद्याला शेडमध्ये 'पिकलिंग पेस्ट' म्हणतात. तीत बहुधा नायट्रिक ॲसिड असते, आणि त्याच्या जोडीला थोडेसे आपले हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असते.

दुसरे ठिकाण काचेवर नक्षी काढणाऱ्यांचे. दाराच्या काचेवर दुधी वेलबुट्टी उठवायची तर एक रीत वाळूच्या माऱ्याची आणि दुसरी या ॲसिडाची किंवा त्याच्या क्षारांची. तिसरे ठिकाण दातांच्या कवळ्या आणि टोप्या तयार करणाऱ्यांचे. चिनी मातीसारख्या पांढऱ्या टोपीला दातावर पक्के धरून ठेवायचे, तर तिची आतली बाजू या ॲसिडाने किंचित खरखरीत करतात. चौथे ठिकाण संशोधकांचे. लाखो वर्षांपूर्वीच्या फुलांचे पराग दगडात, गाळात अडकून राहिलेले असतात. ते मोकळे करायचे तर भोवतालचा दगडच विरघळवावा लागतो, आणि त्या कामी या ॲसिडासारखे दुसरे साधन नाही. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेत अशा प्राचीन परागांचा अभ्यास होत आला आहे. याशिवाय गंजाचे डाग काढणारी काही द्रावणे आणि इमारतीचे दगड उजळणारी काही द्रावणे असतात, त्यांतही हे ॲसिड किंवा त्याचा जवळचा भाऊ, अमोनियम बायफ्लुओराइड, दडलेला असतो. घरी न्हाणीघराची फरशी घासायला आपण जे ॲसिड आणतो ते सहसा हायड्रोक्लोरिक असते. पण 'सहसा' या शब्दावर विसंबून राहू नये. डब्यावरचे नाव वाचावे.

या ॲसिडाला काच का खाता येते, हे आधी पाहू. लोकांकडून एकेक पैसा जमवून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, ही गोष्ट पुण्याच्या जुन्या मंडळींना ठाऊक असते. अशा कारखान्यात काच करतात ती वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र वितळवून. वाळू म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची अत्यंत घट्ट जोडी. ती नरम करायला भट्टीत हजार-दीड हजार अंश उष्णता लागते. पण फ्लुओरीनला सिलिकॉनची ओढ एवढी की जे भट्टीला धगधगून करावे लागते ते हे ॲसिड थंडपणे करते. सिलिकॉनला ऑक्सिजनपासून तोडून ते त्याचा वायू करून टाकते. म्हणून काचेचा पृष्ठभाग झिजतो, दुधी होतो. आपला सह्याद्रीचा काळा पाषाणही सिलिकॉनचाच बांधलेला. तोही यातून सुटत नाही.

फ्लुओरीनची दुसरी ओढ याहून महत्त्वाची आहे, आणि आजच्या साऱ्या सांगण्याचे मर्म तिच्यात आहे. ती ओढ कॅल्शियमची. कॅल्शियम म्हणजे चुन्यातले, खडूतले आणि आपल्या हाडांतले मूळ द्रव्य. निसर्गात फ्लुओरीन सापडते ते बहुतेक कॅल्शियमच्या सोबतीने, फ्लुओरस्पार नावाच्या खनिजात. गुजरातेत आंबाडुंगर येथे आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव येथे हे खनिज आढळते. हिरवट, जांभळट, सुरेख दिसणारा हा दगड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दोघेही एकमेकांच्या संगतीत सुखाने राहतात. कारखान्यात त्या दगडाच्या भुकटीवर सल्फ्युरिक ॲसिड ओतून तापवतात आणि या जोडप्याची ताटातूट करतात. कॅल्शियम मागे राहते आणि हायड्रोजनशी सोयरीक करून फ्लुओरीन बाहेर पडते. तेच हायड्रोफ्लुओरिक ॲसिड. मात्र जुना सोबती ते विसरत नाही. जेथे कॅल्शियम भेटेल तेथे त्याला मिठी मारायची, हा त्याचा स्वभाव. हे ॲसिड चुन्याचे भुकेले आहे, एवढे एक वाक्य लक्षात ठेवलेत तरी पुढचे निम्मे काम झाले.

निर्जल स्वरूपात ते सुमारे साडेएकोणीस अंश सेल्सिअसला उकळते. पुण्याच्या थंडीत पहाटे ते पाण्यासारखे पातळ असेल आणि दुपारी ऊन तापल्यावर त्याचा वायू होईल. शेडमध्ये किंवा दुकानात येते ते पाण्यात मिसळलेले, पण त्यातूनही वाफ निघतच असते. कारखानेविषयक कायद्याच्या परिशिष्टात कामाच्या जागच्या हवेत याचे प्रमाण दहा लाख भागांत तीन भागांपलीकडे जाऊ नये असे घातले आहे. यावरून त्याच्या तेजाची कल्पना यावी.

आता एक गंमत ऐका. गंमत म्हणायची एवढेच, एरवी ती जिवावरची आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात या ॲसिडाची नोंद 'दुबळे ॲसिड' अशी असते! सल्फ्युरिक, नायट्रिक ही बलवान, आणि हे दुबळे. याचा अर्थ असा की पाण्यात गेल्यावर बलवान ॲसिडातला हायड्रोजन सुटा होतो आणि लगेच समोर येईल त्यावर तुटून पडतो. हायड्रोफ्लुओरिक ॲसिडात मात्र हायड्रोजन आणि फ्लुओरीन एकमेकांना सहसा सोडत नाहीत. परिणाम काय? सल्फ्युरिक ॲसिड दरोडेखोरासारखे दार फोडून येते. आरडाओरड होते, घर जागे होते, माणूस पाण्याकडे धावतो. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड मात्र सभ्य वेषातल्या ठगासारखे येते. कातडीच्या दाराशी ते गडबड करीत नाही. अखंड रेणूच्या रूपाने आत शिरते, चरबीतून, स्नायूंतून थेट हाडापर्यंत जाते, आणि आत गेल्यावर वेष टाकून कॅल्शियम लुटायला लागते.

ही लूट किती महाग पडते पाहा. माणसाच्या हाडांत सुमारे किलोभर कॅल्शियम असते. पण रक्तातले कॅल्शियम म्हणाल तर शंभर मिलिलिटर रक्तद्रवात अवघे नऊ-दहा मिलिग्रॅम. आणि हृदयाचे ठोके नियमित पडतात ते या एवढ्याशा कॅल्शियमच्या जोरावर. बँकेत ठेव भरपूर, पण खिशात सुटे पैसे नाहीत, असा प्रकार. फ्लुओरीनने खिसा रिकामा केला तर हाडांतली ठेव मोडून पैसे आणीपर्यंत वेळ निघून गेलेली असते. रक्तातले कॅल्शियम घसरते, मॅग्नेशियम घसरते, पोटॅशियम वाढते, आणि हृदय आपला ताल सोडते. तीव्र हायड्रोफ्लुओरिक ॲसिडाने शरीराचा अडीच टक्के भाग भाजला तरी माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत. बोटांसकट आपला एक तळहात म्हणजे सुमारे एक टक्का. म्हणजे अडीच तळहात! उकळत्या पाण्याने एवढे भाजले तर माणूस महिन्याभरात बरा होऊन कामावर येतो.

आणि दुखणे? ते उशिरा येते. ॲसिड निम्म्याहून तीव्र असेल तर आग ताबडतोब होते. वीस ते पन्नास टक्क्यांचे असेल तर एक ते आठ तासांनी. वीस टक्क्यांहून पातळ असेल तर चोवीस तासांपर्यंत काहीही जाणवत नाही. शेडमधल्या लगद्यात ते असते ते बहुधा या शेवटच्या वर्गातले.

समजा, बुधवारची संध्याकाळ आहे. उद्या गुरुवार, कारखान्याची सुट्टी. एक तरुण घाईघाईने शेवटच्या टाकीला पेस्ट फासतो आहे. हातात पातळ रबरी मोजे आहेत आणि एका बोटाला टाचणीएवढे भोक पडले आहे. बोट ओलसर लागते. तो पँटला पुसतो. दुखत नाही, लाल दिसत नाही. तो घरी जातो, जेवतो, झोपतो. मध्यरात्री बोटात ठणका सुरू होतो. असा ठणका की हात भिंतीवर आपटावासा वाटतो. बोट वरून जरासे पांढुरके दिसते, एवढेच. घरातली वडील मंडळी म्हणतात, "नखुरडं झालं असेल, हळद लाव." शुक्रवारी सकाळी तो डॉक्टरांकडे जातो आणि सांगतो, "बोट दुखतंय." ॲसिडाचा उल्लेखही करीत नाही, कारण ती गोष्ट परवाची आणि तेव्हा तर काहीच झाले नव्हते. डॉक्टर तरी बिचारे काय ओळखणार? तोवर नखाखालचे मांस मेलेले असते आणि हाडाला झळ लागलेली असते.

ही गोष्ट मी कल्पनेने सांगितली. आता दोन घडलेल्या सांगतो.

१९९४ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे एक प्रयोगशाळा-साहाय्यक दगडातले पराग मोकळे करण्याचे काम करीत होता. सत्तर टक्क्यांचे हायड्रोफ्लुओरिक ॲसिड, कपभर किंवा त्याहूनही कमी, त्याच्या मांड्यांवर सांडले. हातांत मोजे होते, पण मांड्यांचे रक्षण करील असा एप्रन अंगावर नव्हता. त्याने नळीच्या पाण्याने मांड्या धुतल्या आणि जवळच्या पोहण्याच्या तलावात उडी घेतली. रुग्णवाहिका येईपर्यंत तो पाण्यातच होता. कॅल्शियमचे औषध तेथे ठेवलेले नव्हते. आठवड्याने त्याचा एक पाय कापावा लागला आणि पंधराव्या दिवशी तो गेला. जाणता माणूस, प्रगत देश, पाणी भरपूर. पण कॅल्शियम नव्हते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या मनोरुग्णालयातली, १९४२ सालच्या नोव्हेंबरमधली. झुरळे मारण्यासाठी आणलेली सोडियम फ्लुओराइडची पांढरी पूड दुधाची भुकटी समजून अंड्यांच्या पदार्थात पडली, आणि सत्तेचाळीस रुग्ण मृत्यू पावले. येथे ॲसिड नव्हते, त्याच घराण्यातला एक क्षार होता. भूक मात्र तीच. चूक कसली? जागेची आणि चिठ्ठीची. विषाची पूड स्वयंपाकाच्या सामानाजवळ पोहोचली आणि पिशवी कोणी वाचली नाही.

ज्यांना सारे काही ठाऊक होते असे शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. शुद्ध फ्लुओरीन वेगळे करण्याच्या नादात एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचा लुये आणि फ्रान्सचा निक्लेस असे दोघे प्राणाला मुकले. अखेर १८८६ साली पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ याने ते साधले आणि १९०६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आणि अगदी अलीकडे, २०१२ सालच्या सप्टेंबरमध्ये, दक्षिण कोरियातील गुमी शहरात टँकरमधून हे ॲसिड उतरवताना वायू सुटला. पाच कामगार दगावले, आसपासची पिके करपली आणि हजारो लोकांना दवाखाने गाठावे लागले.

हे ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्या शत्रूची भूक आपल्याला ठाऊक आहे, त्याचा बंदोबस्तही ठाऊक आहे. त्याला हवे असलेले कॅल्शियम आपण बाहेरून द्यायचे, म्हणजे ते आपल्या रक्तातून घेणार नाही. उपचार, साठवण, सांडलवंड, सर्वांची किल्ली हीच.

प्रथम उपचार. अंगावर थेंब पडला अशी नुसती शंका आली तरी, दुखो वा न दुखो, लगेच पाण्याखाली जा. कपडे, पट्टा, घड्याळ, अंगठी सगळे पाण्यातच उतरवा. लाज धरू नका. कॅल्शियम ग्लुकोनेटचे अडीच टक्के मलम जवळ असेल तर पाच मिनिटे भरपूर धुऊन ते चोळायला लागा. चोळणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत, नाहीतर एकाचे दोन रुग्ण होतील. दर दहा-पंधरा मिनिटांनी मलम नव्याने लावीत राहावे. बोटे भाजली असतील तर स्वच्छ हातमोज्यात मलम भरून तो मोजाच हातात चढवावा. मलम नसेल तर मदत मिळेपर्यंत पाणी चालूच ठेवा. त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

बधिर करणारे औषध लावू नका. हे जरा निष्ठुर वाटेल. पण येथे वेदना हीच आपली वाटाडी आहे. ठणका थांबला म्हणजे फ्लुओरीनला कॅल्शियम पोहोचले, असे समजायचे; तीच खूण पुसून टाकली तर डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागेल.

डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून निदान पंधरा मिनिटे पाण्याची धार धरा आणि तडक इस्पितळ गाठा. मलम डोळ्यात घालायचे नाही. वाफ छातीत गेली तर माणसाला मोकळ्या हवेत आणा, आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा. फुप्फुसांत पाणी भरू लागते ते काही तासांनी. पोटात गेले तर उलटी करवू नका. शुद्धीवर असेल तर दूध किंवा पाणी द्या. दुधातले कॅल्शियम येथे कामी येते.

आणि डॉक्टरांना काय सांगाल? "ॲसिड पडलंय" एवढे पुरे नाही. "हायड्रोफ्लुओरिक ॲसिड, म्हणजे एच-एफ, इतक्या वाजता, अमुक ठिकाणी" असे सांगा. डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून न्या. हा एक शब्द कळला की डॉक्टर रक्तातले कॅल्शियम तपासतील, हृदयाचा आलेख काढतील, जरूर तर कॅल्शियमचे इंजेक्शन देतील. हे इंजेक्शन काही दुर्मीळ नव्हे. मलम तयार मिळाले नाही तर त्याच दहा टक्क्यांच्या इंजेक्शनाचा एक भाग आणि पाण्यात विरघळणाऱ्या वैद्यकीय जेलीचे तीन भाग मिसळून डॉक्टर किंवा औषधविक्रेते ते करू शकतात.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. मी चुन्याचे गुणगान केले म्हणून कोणी पानाच्या डबीतला चुना भाजलेल्या हाताला फासू नये. चुना स्वतः दाहक आहे. त्याने जखमेवर जखम होईल. अंगासाठी मलम, जमिनीसाठी चुना, असे वाटप पक्के ध्यानात ठेवा.

जमिनीवर सांडले तर आधी माणसे दूर करा, दारे-खिडक्या उघडा. थोडेसेच असेल तर पूर्ण पोशाख केलेल्या माणसाने कडेकडेने आत येत विझवलेल्या चुन्याची किंवा खडूची कोरडी भुकटी पसरावी. कळीचा चुना नको. तो भयंकर तापतो. आणि वाळू तर मुळीच नको. एरवी काही सांडले की वाळू टाकण्याची आपली सवय. पण वाळू म्हणजे सिलिकॉन, आणि तिच्यातून विषारी वायू निघेल. लाकडाचा भुसाही नको. बरेच सांडले असेल तर शौर्य न गाजवता बाहेर पडावे आणि १०१ वर अग्निशामक दलाला काय सांडले आहे ते नावानिशी सांगावे.

चुना पडला की काय होते? फ्लुओरीनला त्याचा जुना सोबती भेटतो आणि पुन्हा तोच निरुपद्रवी फ्लुओरस्पार तयार होतो. पेस्ट धुतलेल्या पाण्यालाही हाच न्याय. ते गटारात सोडले तर शेवटी मुठेला मिळणार. पर्यावरणाच्या नियमांप्रमाणे नदीत सोडायच्या सांडपाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅमहून अधिक फ्लुओराइड नसावे. म्हणून ते पाणी टाकीत धरून, चुना घालून, गाळ बसवून मगच पुढची वाट धरावी.

साठवण जाड पॉलिथिनच्या मूळ डब्यातच करावी. काच नको, चिनी मातीची बरणी नको. पातळ ॲसिड लोखंडी डब्यात ठेवले तर हायड्रोजन सुटून भडका उडण्याचे भय. आणि थंड पेयाच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवणे हा तर मृत्यूला दिलेला आमंत्रणाचा विडाच. डब्यावर मराठीत, हिंदीत, कामगाराला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. रिकामा डबा भंगारवाल्याला देऊ नये. उद्या तो कोणाच्या तरी घरी पाणी भरायला जाईल.

पोशाखाचे सांगायचे तर इस्पितळातले पातळ मोजे उपयोगाचे नाहीत. निओप्रीनचे किंवा जाड नायट्राइलचे लांब मोजे घ्या, आणि घालण्यापूर्वी त्यांत हवा भरून भोक पाहा. तोंडावर पारदर्शक ढाल, गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत एप्रन, पायांत गमबूट, आणि पँटचे टोक बुटाच्या आत नव्हे, बाहेर. काम उघड्या हवेत किंवा वाफ ओढणाऱ्या पंख्यापाशी करावे. एकट्याने करू नये. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घाईने तर मुळीच करू नये.

शेवटी एक शंका दूर करतो. "मग दंतमंजनात फ्लुओराइड असते, ते कसे?" असे कोणी विचारील. मीठ आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड यांत जेवढे अंतर, तसेच काहीसे हे. दंतमंजनातले प्रमाण हजार भागांत एखादा भाग एवढेच असते, आणि दातातल्या कॅल्शियमशी त्याची जी सोयरीक जुळते ती दात बळकट करते. मात्र रोजच्या पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लुओराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर दात डागळतात, हाडे आखडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांनी हे दुःख विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यातून भोगले आहे. द्रव्य तेच, मात्रा आणि रूप यांवर सारे अवलंबून.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातले कोणी वेल्डिंगच्या शेडमध्ये, काचेच्या दुकानात, दातांच्या प्रयोगशाळेत कामाला जात असेल, तर आज संध्याकाळी त्याला तीन प्रश्न विचारा. तुमच्या डब्यावर 'हायड्रोफ्लुओरिक' किंवा 'फ्लुओराइड' असे काही लिहिले आहे का? पाण्याचा नळ हाताच्या अंतरावर आहे का? आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम कोठे ठेवले आहे? तिसऱ्या प्रश्नाला "ते काय असतं?" असे उत्तर आले, तर मलम हाती येईपर्यंत तो डबा उघडू नये. मालकांनाही हेच सांगणे. एका टाकीच्या किमतीपुढे मलमाच्या नळीची किंमत काहीच नाही, आणि तुमच्या माणसाच्या बोटांची किंमत कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

ॲसिड भुकेले आहे. त्याच्या पुढ्यात चुना आधी ठेवा, मगच झाकण काढा.